सोनोग्राफीच्या खोलीतली नोकरी

बारावीचा निकाल लागला की मला वऱ्हाडातल्या आईबापांचे फोन येऊ लागतात. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, चांदूर बाजार, कुठूनही. कोणी नात्यातलं असतं, कोणी गावाकडचं, कधी एखाद्या पेशंटच्या घरच्यांनी माझा नंबर दिलेला असतो. विचारणं बहुतेक एकच असतं. "ताई, पोरीले सोनोग्राफीचा कोर्स लावून द्याव म्हणतो. पगार किती भेटते वो त्यात?" अकोला आणि अमरावती या दोन शहरांत मिळून माझं जवळजवळ निम्मं आयुष्य एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या खोल्यांमध्ये गेलं आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येत नाही. अर्धवट उत्तर द्यावं तर समोरचा माणूस कपाशीचे आलेले पैसे घेऊन उद्याच कुठल्यातरी इन्स्टिट्यूटची फी भरायला निघेल, याची धास्ती वाटते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे.

सांगायला सर्वांत जड जातं ते आधी सांगते. आपल्या देशात गरोदर बाईच्या पोटावर प्रोब फिरवायचा अधिकार टेक्निशियनला नाही. तो डॉक्टरचा आहे, आणि तोही सरसकट प्रत्येक डॉक्टरचा नाही. रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा 2014 च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेला एमबीबीएस डॉक्टर, एवढ्यांनाच ते करता येतं. हे ठरवतो तो गर्भलिंग निदान रोखणारा कायदा, आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो. संसदेने तो 1994 मध्ये केला, 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये दुरुस्त होऊन आणखी कडक झाला. ज्या मशीनवर गर्भ दिसू शकतो अशी प्रत्येक मशीन नोंदवलेली असते, ती कुठल्या खोलीत आहे हे नोंदवलेलं असतं, ती चालवणाऱ्या डॉक्टरचं नावही नोंदवलेलं असतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ज्याला सोनोग्राफर म्हणतात, म्हणजे जो स्वतः तपासणी करतो आणि चित्रं डॉक्टरपुढे ठेवतो, ती नोकरी अकोल्यात नाही, अमरावतीत नाही आणि मुंबईतही नाही.

मग सोनोग्राफी सेंटरमध्ये आम्ही करतो तरी काय? हे सांगायला मला आवडतं, कारण ते काम बाहेरून कोणाला दिसत नाही.

मी पहिली नोकरी धरली ती अकोल्यात. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असायचा आणि मशीनला सोसवत नाही म्हणून आतली खोली थंडगार असायची. बाहेरच्या बाकांवर बायका पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत बसलेल्या. मूत्राशय भरल्याशिवाय सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी नीट दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मी जाऊन विचारायची. कोणाला लघवी लवकर यायची, कोणाला तासभर यायची नाही, आणि गावाला जाणारी शेवटची एसटी गाठायची म्हणून सगळ्यांनाच आधी आत जायचं असायचं. कोणाला आधी घ्यायचं, पोटात कळा येणाऱ्या बाईला रांग मोडून कसं आत न्यायचं आणि उरलेल्यांची समजूत कशी काढायची, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

त्यानंतर एफ फॉर्म. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी तो भरावाच लागतो. नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, हयात मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वयं, कोणी पाठवलं त्या डॉक्टरची चिठ्ठी, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीचं कारण. कागदावर हे सोपं दिसतं. पण पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी आलेली असते. आधार कार्डावर तिचं नाव वडिलांच्या नावाने, सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नवऱ्याच्या नावाने, आणि पत्ता विचारला तर ती सासरचा सांगते, आई माहेरचा सांगते. उद्या तपासणीला अधिकारी आले की या तिन्हींत तफावत का, असं विचारतात. शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर उत्तर येतं, "तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून ती तारीख शोधायची. मागच्या दोन वर्षांची कालनिर्णयं मी टेबलाखाली जपून ठेवत असे. तारीख आठवड्याने जरी चुकली तरी बाळाची वाढ कमी दिसते की बरोबर, हा डॉक्टरांचा हिशेब बिघडतो. तेव्हा ती तारीख काढणं हे कारकुनी काम आहे असं मला कधीच वाटलं नाही.

पुढे अमरावतीत आल्यावर मेळघाटातल्या बायका भेटू लागल्या. धारणी, चिखलदऱ्याकडून घाट उतरून, परतवाड्याला गाडी बदलून, पहाटेच निघालेल्या. सोबत आशाताई असायची आणि तीच कोरकू आणि मराठीच्या मधला पूल असायची. त्या बाईला सही येत नसेल तर फॉर्मवर अंगठा घ्यायचा. मग तो अंगठा ओळखणाऱ्याचं नाव, वय, नातं, पत्ता आणि सहीसुद्धा घ्यायची. "मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही," असं जे निवेदन तिच्याकडून घ्यायचं असतं, ते तिला कळेल असं सांगितल्याशिवाय तिचा अंगठा घ्यायला माझं मन धजत नसे. म्हणून आशाताईकरवी ते तिच्या भाषेत सांगून होईपर्यंत मी थांबायची. आतून डॉक्टरांची हाक येत असायची, बाहेर रांग वाढत असायची, तरी थांबायची.

दर महिन्याच्या 9 तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, ही सगळी गर्दी अनेक पटींनी वाढते. आणि दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे पोचवावा लागतो. समुचित प्राधिकारी म्हणजे जिल्ह्याला जिल्हा शल्य चिकित्सक, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी. म्हणजे महिन्याचे पहिले दहा दिवस घरी वेळेवर जाणं जवळजवळ विसरायचंच.

याशिवाय पेशंटचं नाव मशीनमध्ये टाकणं, टेबलावरची चादर बदलणं, जेली लावणं आणि पुसणं, प्रत्येक पेशंटनंतर प्रोब स्वच्छ करणं, चित्रांची प्रिंट काढणं, डॉक्टर बोलतील तो रिपोर्ट टाइप करणं, आणि पुरुष डॉक्टर असतील तर त्या खोलीत बाईमाणूस म्हणून हजर राहणं. हे शेवटचं काम सर्वांत मोलाचं आहे असं मी मानते. एखाद्या पोरीच्या पोटातल्या बाळाचे ठोके दिसत नाहीत हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला आधी कळायचं. पुढची काही मिनिटं तिचा हात धरून उभं राहायला तिथे दुसरं कोणीच नसायचं.

आता पगार. माझ्या आजूबाजूच्या मुलामुलींकडून जे कळतं ते सांगते. अमरावतीत किंवा अकोल्यात खाजगी सोनोग्राफी सेंटरमध्ये नव्याने लागलेल्याला 8 ते 12 हजार मिळतात. चार-पाच वर्षांनी तेच 14-15 हजारांवर जातात आणि तिथेच थांबतात. एक्स-रे येत असेल तर सुरुवात थोडी वरून होते. सीटी आणि एमआरआय स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्याला 18 ते 25 हजार, रात्रपाळी आणि अनुभव धरून क्वचित त्याहून जास्त. शहरात खोली करून राहायची, मेसचा डबा लावायचा, महिन्यातून एकदा गावी जाऊन यायचं, एवढं केलं की 10 हजारांतलं घरी द्यायला काही उरत नाही. मी माझ्या पहिल्या पगारातून आईला लुगडं घेतलं होतं. त्या महिन्यात मावशीकडे जेवत होते म्हणून ते जमलं.

हे पगार इतके कमी का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मालक कंजूष आहेत म्हणून, असं उत्तर सगळे देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांतले काही डॉक्टर मनाने फार मोठे होते आणि तरी त्यांच्या सेंटरमधला पगार बाजारभावाइतकाच होता. खरं कारण कायद्यात आहे. एक्स-रेच्या खोलीत किरणोत्सर्ग असतो. त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, नजर असते आणि 2004 च्या नियमांप्रमाणे तिथे पात्रता असलेलाच माणूस मशीन चालवू शकतो. त्याच्या खिशाला टीएलडी बॅज लावावा लागतो, अंगावर किती किरण पडले ते मोजलं जातं, मालकाला टेक्निशियनची कागदपत्रं दाखवावी लागतात. म्हणून एक्स-रे टेक्निशियन ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गत्यंतर नाही म्हणून त्याला काहीतरी भाव आहे. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही. तपासणी डॉक्टर करतो. आमच्यासारखं कोणी शिकलेलं तिथे असलंच पाहिजे असं कायदा कुठेच म्हणत नाही. मग माझ्या जागी दहावी-बारावी झालेली, जरा चुणचुणीत मुलगी निम्म्या पगारात ठेवली तरी सेंटर चालतं. माझ्या डिप्लोम्याचा भाव तिथे संपतो.

त्यात भविष्य निर्वाह निधीचा कायदा 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होतो. अकोल्याच्या रामदासपेठेतलं असो की अमरावतीच्या राजापेठेतलं, साधारण सोनोग्राफी सेंटर पाच-सात माणसांवर चालतं. त्यामुळे पीएफ नाही. बहुतेक ठिकाणी नेमणूकपत्रही नसतं. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर त्यावर हुद्दा काय लिहायचा असा प्रश्न पडतो, आणि शेवटी 'सहायक' असं लिहून मिळतं. एका सेंटरने मला तेवढंही द्यायला सहा महिने घालवले.

मात्र शिक्षेच्या बाबतीत पीसीपीएनडीटी कायदा आम्हाला विसरलेला नाही. कलम 23 मध्ये डॉक्टर आणि मालक यांच्याबरोबर त्या केंद्रात नोकरीला असलेला, व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवा देणारा माणूसही येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे सांगायचं नाही, असं कलम 5 सांगतं. बाहेर बसलेली सासू हळूच येऊन विचारते, "पेढा हाये का बर्फी, एवढंच सांगजा ना बाई." दुसरी म्हणते, "दोन पोरी हायेत वो पहिल्या, तिचा नवरा तिले नांदवत नाही." पर्समधून नोटा निघतात. पगार 8 हजार, आणि समोर कोणी एका होकारासाठी 5 हजार धरून उभं आहे, अशा जागी आपण आपल्या पोरींना बसवतो. मी ज्यांना ज्यांना कामावर शिकवलं त्यांना पहिल्या दिवशी जेली आणि प्रोब दाखवला नाही. आधी या प्रसंगी काय बोलायचं ते शिकवलं: लेकरू बरं आहे का एवढं डॉक्टर सांगतील, त्यापलीकडे या इमारतीत कोणाला काही विचारायचं नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की माझा या कायद्यावर राग आहे. तसं अजिबात नाही. हा कायदा आपल्या महाराष्ट्राने देशाला दिला. 1980 च्या दशकात मुंबईत कार्यकर्त्यांनी लढा उभारला आणि 1988 मध्ये देशातला या विषयावरचा पहिला कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. तरीही 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 913 मुली होत्या त्या 2011 मध्ये 894 झाल्या. 2012 मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा राज्यभर तपासण्या सुरू झाल्या. फॉर्मच्या फाइली टेबलावर उपसल्या गेल्या, मशीन सील झाल्या, आमच्यातल्या कितीतरी जणांचे पगार त्या महिन्यांत थांबले. त्रास झाला, पण तो त्रास का होतो आहे हे मला कळत होतं. कोल्हापुरात त्याआधीच जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणी नोंदवून ठेवणारं उपकरण, बसवायचा आणि एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा प्रयोग केला होता. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि 2011 मध्ये न्यायालयाने तो प्रयोग उचलून धरला. या सगळ्यांतून मुली वाचल्या असतील तर आमच्या चार महिन्यांच्या पगाराचा हिशेब मी मांडणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. 3 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या याचिकेवर निकाल दिला. कागदोपत्री चुका आणि गर्भलिंग निदान यांना एकाच तराजूत तोलू नका, अशी डॉक्टरांची मागणी होती. न्यायालयाने ती मानली नाही. एफ फॉर्म अपुरा ठेवणं ही किरकोळ चूक नव्हे, कारण गुन्ह्याचा माग त्या फॉर्मवरूनच लागतो, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो निकाल पटतो. पण मग मी विचारते, जो कागद एवढा महत्त्वाचा आहे तो भरतो कोण? फॉर्मवर सही डॉक्टरांची असते हे खरं. पण तान्ह्या पोळ्याची तारीख काढणारी, माहेरचा आणि सासरचा पत्ता जुळवणारी, अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही घेणारी बाई त्या इमारतीतली सर्वांत कमी पगाराची कर्मचारी असते. तिला कसलंही प्रशिक्षण दिलेलं नसतं. दिवसाला तीस-चाळीस फॉर्म भरून दुसऱ्या दिवशी शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून ती शेजारच्या कापडदुकानात कामाला जाते, तेव्हा तिला कोणी अडवतही नाही.

आता त्या इन्स्टिट्यूटबद्दल, ज्यांच्यामुळे मला फोन येतात. एसटी स्टँडच्या भिंतीवर, ऑटोच्या पाठीमागे त्यांच्या पाट्या असतात: सोनोग्राफी टेक्निशियन, एक वर्षाचा डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी. फी 60-70 हजारांपासून लाखाच्या वर. मी अशा एका ठिकाणी भाचीसाठी चौकशीला गेले होते. प्रोब हातात कधी देणार, असं विचारलं तर हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग असतं असं उत्तर मिळालं. कुठलं हॉस्पिटल एका विद्यार्थिनीला गरोदर बाईवर प्रोब फिरवू देईल, असं विचारलं तर समोरच्या बाई फोनवर बोलू लागल्या. त्याच टेबलावरच्या पत्रकात अमेरिकेतल्या सोनोग्राफरचा पगार रुपयांत लिहिलेला होता.

तो आकडा खोटा नसतो आणि म्हणूनच तो घातक आहे. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे मे 2023 मध्ये तिथल्या डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफरचं मध्यम वार्षिक वेतन 84,470 डॉलर होतं. आपल्याकडच्या हिशेबात सत्तर लाखांच्या आसपास. पण तिथला सोनोग्राफर मान्यताप्राप्त कार्यक्रमात शिकतो, शेकडो पेशंट स्वतः तपासतो आणि मग परीक्षेला बसतो. आखाती देशांतही परवाना मागताना प्रत्यक्ष सोनोग्राफी केल्याचा अनुभव विचारतात. तो अनुभव आपल्या मुलीने आणायचा कुठून? इथे कायद्याने तो मिळू शकत नाही, आणि खोटा दाखला जोडला तर तिच्या आयुष्याशी खेळ होतो. एका ओळखीच्या मुलाला असा दाखला आणून द्यायला एक एजंट तयार होता. त्या मुलाच्या वडिलांना मी अमरावतीला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि हात जोडून परत पाठवलं.

परदेशात जायचा खरा रस्ता आहे, तो लांबचा आहे. रेडिओग्राफीची पदवी घ्यायची, काही वर्षं सीटी-एमआरआयवर घालवायची, इंग्रजीची तयारी करायची आणि इंग्लंडच्या एचसीपीसी या संस्थेकडे रेडिओग्राफर म्हणून नोंदणी मिळवायची. आपल्या देशातून असे बरेच रेडिओग्राफर तिथे गेले आहेत. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नवा रेडिओग्राफर बँड 5 या वेतनश्रेणीवर लागतो. तिथे राहून सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं की सोनोग्राफर साधारण बँड 7 वर जातो आणि रिपोर्टसुद्धा स्वतः लिहितो. म्हणजे सोनोग्राफर व्हायचं असेल तरी सुरुवात एक्स-रेच्या खोलीतूनच करावी लागते.

इथे राहायचं असेल त्यांनाही मी हेच सांगते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षं आणि वर वर्षभर इंटर्नशिप, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. तो केल्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडे नोंदणी करता येते. सरकारी जागा कमी निघतात, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, हे खरं आहे. पण क्ष-किरण वैज्ञानिक अधिकाऱ्याची कायम नेमणूक मिळाली तर मूळ वेतनच पस्तीस हजारांच्या घरात सुरू होतं. खाजगीतल्या मुलांना तो आकडा निवृत्तीपर्यंत दिसत नाही. माझ्या बॅचमधले दोघे सरकारी नोकरीत आहेत. एकजण अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, एक अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पेशंट घेऊन जाताना भेटला की बोलताना त्यांच्या घरांचे हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांची ऑपरेशनं निघतात. ज्यांचा पगार 14-15 हजारांवर थांबला त्यांच्याशी बोलताना हे विषय निघत नाहीत.

प्रोब टेक्निशियनच्या हातात कधी यावा का? मला वाटतं, यावा, पण सगळीकडे एकदम नको. 2021 मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी आणि इमेजिंग टेक्नॉलॉजिस्टांच्या गटात डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे एका कायद्याने या व्यवसायाला नाव दिलं आहे आणि दुसऱ्याने त्याचा हात बांधलेला आहे. हा गुंता सरकारनेच सोडवायला हवा. पोटातला खडा, यकृताची सूज, गळ्यातली गाठ, पायाच्या रक्तवाहिन्या, यांची तपासणी प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्टने सरकारी रुग्णालयात, रेडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली करावी, इथून सुरुवात करता येईल. दोनच रेडिओलॉजिस्ट असलेल्या ठिकाणी तिसऱ्या दिवशीची तारीख मिळालेला म्हातारा शेतकरी त्यामुळे त्याच दिवशी घरी जाईल. गर्भाची सोनोग्राफी मात्र आज उघडू नये, असं माझं मत आहे. मेळघाटातली बाई पोट घेऊन पहाटे घाट उतरते तेव्हा मला ते मत जड जातं. पण बाकावरची ती सासू आणि तिच्या हातातल्या नोटा मी रोज पाहिल्या आहेत. 8 हजारांवर राबणाऱ्या, नेमणूकपत्र नसलेल्या मुलीच्या हातात प्रोब देऊन तिला त्या नोटांसमोर उभं करायला मी तयार नाही. आधी तिचा पगार, तिची नोंदणी आणि तिची नोकरी पक्की करा, मग तिच्या हातात प्रोब द्या.

तोवर एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते. अमरावतीत डॉक्टरांच्या एका बैठकीतही मांडली. एफ फॉर्मवर बाईचं नाव आहे, पाठवणाऱ्या डॉक्टरचं आहे, तपासणाऱ्या डॉक्टरचं आहे, अंगठा ओळखणाऱ्याचंही आहे. फॉर्म भरणाऱ्याचं नाही. त्यावर भरणाऱ्याचं नाव, शिक्षण आणि पॅरावैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहायला एक रकाना वाढवा. तो रकाना रिकामा ठेवता येणार नाही असा नियम करा. मग ज्या खोलीत आज कोणीही चालतं तिथे शिकलेलं माणूस ठेवावं लागेल, एक्स-रेच्या खोलीत ठेवावं लागतं तसंच. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही चुकीचा जाब कोणाला विचारायचा हे कळेल, आणि त्या मुलीला नोकरी बदलताना आपण काय काम केलं हे दाखवायला सरकारी कागदावरचा पुरावा मिळेल. बैठकीतल्या दोन ज्येष्ठ डॉक्टरांनी ही मागणी लेखी मागितली. ती मी दिली आहे आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारत राहणार आहे.